बोटभर तडा

नवं गणकयंत्र कार्यालयात आलं तेव्हा ते जेवणाच्या डब्याएवढं होतं. मी ते एका हातात धरून आत नेलं. त्याआधी मागच्या खोलीत जुनी यंत्रं होती, कपाटाएवढी, आणि त्यांना थंड ठेवायला दोन एसी दिवसरात्र चालायचे. बाहेर बाकावर उन्हातून आलेली माणसं घाम पुसत बसायची आणि यंत्रं आत गारव्यात असायची. आमचे कारकून धोटे बाबू म्हणायचे, "कवडू, पुढच्या जन्मी माणूस नको होऊस. सरकारी संगणक हो."

आमचं कार्यालय खाणबाधितांच्या पुनर्वसनाचं. चिंचवाही तालुक्यात जमिनीखाली जुन्या कोळसा खाणींच्या पोकळ्या आहेत. खाणी कधीच बंद पडल्या, पण वरची गावं तिथेच राहिली. कुठे शेत खचतं, कुठे विहिरीचं पाणी एका दिवसात नाहीसं होतं, कुठे घराला तडा जातो. लोकांचे अर्ज घ्यायचे, जागेवर जाऊन पाहणी करायची आणि घर धोक्याचं ठरलं तर नव्या गावठाणात जागा द्यायची, हे आमचं काम. मी तिथे एकतीस वर्षं शिपाई होतो.

त्या उन्हाळ्यात पारा एकोणपन्नासवर गेला होता. सरकारने हुकूम काढला की दुपारची वीज आधी दवाखान्यांना, मग पाण्याच्या पंपांना, आणि उरली तर कार्यालयांना. कार्यालयांनी आपल्या छतावरच्या सौर पॅनेलवर भागवायचं. त्यातच पंखे, त्यातच दिवे, त्यातच संगणक. हुकूम मला पटला. ग्रामीण रुग्णालयात बाळंतिणींच्या खोलीतला पंखा बंद पडलेला मी स्वतः पाहिला होता. पण धोटे बाबूंनी हिशेब करून सांगितलं, आमची जुनी यंत्रं एवढ्या विजेवर सकाळचे साडेदहासुद्धा गाठणार नाहीत.

म्हणून ते डब्याएवढं यंत्र आलं. ते बसवायला नागपूरहून काझी मॅडम आल्या. नाझनीन काझी, वय तिशीच्या आत, पायांत चपला, पाठीवर पिशवी. कार्यालयाचे अधिकारी पाठराबे साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावून घेतलं आणि मॅडमना म्हणाले, "आमच्या लोकांना जरा सोपं करून सांगा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही अंगात शर्ट घातलाय. सकाळपासून तो अंगाला लागतोय. जाणवतोय का?"

"आता तुम्ही बोलल्यावर जाणवला जी."

"तोवर का नव्हता जाणवत?"

मी कॉलर चाचपून पाहिली. मग त्या म्हणाल्या, "कारण तुमच्या मेंदूला शर्ट माहीत आहे. मेंदू प्रत्येक क्षणी पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो. अंदाज खरा ठरला की तो गप्प राहतो. खोटा ठरला की दचकतो. शर्टात मुंगी शिरली तर लगेच कळेल की नाही? दचकायलाच तेवढी शक्ती लागते. म्हणून तर अख्खा मेंदू एका मंद दिव्याइतक्या विजेवर चालतो."

जुनी यंत्रं तशी नव्हती, असं त्यांनी सांगितलं. समोर कोणी नसलं तरी ती सेकंदाला अब्जावधी वेळा जागच्या जागी धावायची. धावून तापायची, आणि तो ताप घालवायला आणखी वीज जायची. या नव्या डब्यातल्या चकतीवर मेंदूसारख्या पेशी कोरल्या होत्या. अंदाज चुकेपर्यंत त्यांतली एकही पेशी हलत नसे. दारावर कॅमेरा, टेबलावर माइक, आणि येणारा प्रत्येक अर्ज त्याच्यासमोरून जाणार. कोण कधी येतो, काय मागतो, काय लिहितो, हे सगळं ते शिकणार. जे नेहमीचं, त्यावर ते शांत राहणार. जे वेगळं, ते उचलून साहेबांच्या यादीत वर ठेवणार.

"म्हणजे नेहमीचं काम आलं की हे झोपतं," धोटे बाबू म्हणाले.

"झोपत नाही हो, शांत असतं."

"मॅडम, एकवीस वर्षं मी साहेबांना हेच सांगून राहिलो."

साहेबसुद्धा हसले. त्या दिवसापासून यंत्राचं नाव झोप्या पडलं.

भिंतीवर एक छोटा आकडा दिसायचा. झोप्या या घटकेला किती वीज खातो, ते त्यात कळायचं. पहिल्या दिवशी बारा वॅट होता. मी चहा घेऊन आत गेलो की आकडा टुणकन वर उडायचा. मॅडम म्हणाल्या, "आठ दिवस थांबा काका. मग तुम्ही आलात तरी तो हलणार नाही." आणि तसंच झालं. नवव्या दिवशी मी चहा घेऊन गेलो, आकडा चारवर होता, चारवरच राहिला. धोटे बाबू म्हणाले, "घे. तू सरकारजमा झाला." मला मात्र बरं वाटलं. यंत्राला माझा भरवसा वाटू लागला, असं मी समजलो. घरचा कुत्रा जसा घरच्या माणसावर भुंकत नाही, तसं.

पुढचं सगळं या समजुतीमुळे झालं.

सायत्रा माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि बाई अकरा. तिने मला वाढवलं. शाळा दोघांनीही पाहिली नाही. मी नोकरीला लागल्यावर बेचाळिसाव्या वर्षी, कार्यालयातल्या प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलो. पहिल्यांदा तिचं नाव लिहून दाखवायला नेलं, तर तिने कागद उलटा धरला आणि म्हणाली, "चांगलं दिसते."

ती नऊ किलोमीटरवर पांढरतळ्याला राहायची. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शिंदीच्या पानांचे झाडू बांधायची आणि बाजारात विकायची. दसऱ्याच्या सुमारास तिच्या घराच्या मागच्या भिंतीला तडा गेला. मी जाऊन पाहिला. माझं बोट त्यात बसत होतं.

"माझ्या खोलीवर चल," मी म्हटलं. कार्यालयाच्या मागेच माझी खोली होती.

"आणि घर?"

खरी अडचण तीच होती आणि ती माझ्याइतकी कोणाला माहीत नव्हती. नियम असा होता की पाहणीच्या दिवशी अर्जदार त्या घरात राहत असला पाहिजे. दाराला कुलूप दिसलं तर घर वापरात नाही असा शेरा पडायचा आणि जागेचा हक्क जायचा. पाहणीचा दिवस आधी कळवत नसत, आणि पथक वाटेतल्या गावातलं मागच्या क्रमाचं घरही कधीकधी पाहून घ्यायचं. मी कितीतरी घरांवर तो शेरा पडताना पाहिला होता.

"पाहणी होईतोवर घर सोडू नको बाई," मीच तिला म्हणालो. "दोनतीन महिन्यांची गोष्ट आहे. मग नव्या गावठाणात तुले पक्की जागा."

"नळ राहील?"

"दारात नळ."

"मग राहतो बाप्पा. इतकी वर्षं राहिलो, अजून तीन महिन्यांनी काय होते."

अर्ज मी लिहिला. माझ्या मोठ्या मोठ्या अक्षरात: 'माझ्या राहत्या घराच्या मागील भिंतीस बोटभर तडा गेला असून घर धोक्याचे आहे. तरी पाहणी होऊन जागा मिळावी.' खाली तिचा अंगठा.

त्या सोमवारी ती साडेदहाला आली. आकडा एकदम अडतीसवर गेला. झोप्याने अर्ज वाचला, तिचं बोलणं ऐकलं आणि अर्ज साहेबांच्या यादीत ठेवला. बोटभर तड्याची किती प्रकरणं आधीपासून होती, त्यात तिचा क्रम लागला. एकशे बेचाळीस.

मी तिला बाहेर बाकावर बसवून समजावलं. सरकारी कामात माणसाने दिसत राहावं लागतं, हे मी एकतीस वर्षं पाहिलं होतं. जो येत राहतो त्याचं काम होतं. आणि दुसरी गोष्ट, अर्ज बदलायचा नाही. आदल्या वर्षी एका माणसाने पहिल्या अर्जात 'तडा' लिहिलं आणि स्मरणपत्रात 'भेग'. छाननीत 'तफावत' असा शेरा पडला आणि प्रकरण परत गेलं, पुन्हा पहिल्यापासून. तो माणूस धोटे बाबूंच्या टेबलापुढे उभा राहून रडला होता. तेव्हापासून मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो, जे पहिल्यांदा लिहिलं तेच लिहा, जे पहिल्यांदा बोललात तेच बोला. सरकार बदलाला भितं.

"दर सोमवारी ये," मी तिला म्हणालो. "साडेदहाला. त्याच खुर्चीवर बस. मी तोच अर्ज उतरवून ठेवतो, तू अंगठा दे. जास्तीचं काही बोलू नको."

"तुझ्याशी पण नाही?"

"माझ्याशी बाहेर बोल. आत सगळं ऐकू जाते."

दुसऱ्या सोमवारी ती आली, तर आकडा एकवीसला गेला. तिसऱ्या वेळी अकरा. चौथ्या वेळी सहा. पाचव्या सोमवारी ती खुर्चीत बसली, अंगठा दिला, तीच दोन वाक्यं बोलली, आणि आकडा चारवरून हललाच नाही.

मी तिला दारापर्यंत सोडायला गेलो आणि आनंदाने म्हटलं, "बाई, यंत्र तुले ओळखायला लागलं."

"असं? बोललं काय?"

"आपल्याशी बोलत नाही. पण आता तुझ्या अर्जात खोट काढत नाही. म्हणजे मार्गी लागला."

ती मागे फिरली आणि यंत्राला हात जोडून आली. धोटे बाबू म्हणाले, "सायत्राबाई, त्याले नमस्कार करून काही होत नाही. मी रोज करतो."

"तुम्ही कामं करत नाही म्हणून नसेल होत," बाई म्हणाली, आणि धोटे बाबू इतके हसले की त्यांचा चष्मा खाली आला.

कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. ती एक सोमवार चुकली नाही. सकाळच्या बसने यायची, अर्ज द्यायची, मग माझ्या खोलीच्या पायरीवर बसून आम्ही जेवायचो. भाकरी ती आणायची, चहा माझा. पाहणीचं पथक तालुक्याला एकच होतं. ते महिन्याला बारापंधरा घरं करायचं. क्रम एकशे बेचाळीसवरून पंच्याण्णववर आला होता. पौषात आमच्या कार्यालयाला विभागात सर्वांत कमी वीज वापरल्याबद्दल ढाल मिळाली. त्याच वाचलेल्या विजेवर उन्हाळ्यात रुग्णालयातले पंखे चालले होते, आणि आता पांढरतळ्याचा पाण्याचा पंपही चालत होता. बाई म्हणाली, "तुझ्या त्या डब्यानं भलं केलं बाप्पा. आता दुपारी पाणी येते." हे मी मुद्दाम लिहितो. ते यंत्र वाईट नव्हतं.

अठराव्या सोमवारी ती आली तेव्हा तिच्या मनगटावर ओरखडे होते. मी अर्ज पुढे केला. अंगठा देता देता ती म्हणाली, "कवडू, बोटभर नाही राहिला आता. हात जाते त्यात. कोपरापर्यंत घातला मी काल. आतून वारा येते, थंड."

मी दचकून टेबलावरच्या माइककडे पाहिलं. नंतर पुष्कळ वेळा मी हा क्षण आठवून पाहिला आहे. ती हळू बोलली होती, माझ्याकडे वळून, माइककडे पाठ करून. आणि तिचं पुढचं वाक्य बाहेर पडायच्या आत मी तिच्या तोंडापुढे हात धरला.

"श्श. इथं नको."

"अरे पण लिही नं तसं. हातभर लिही."

"बाई, आता पंच्याण्णववर आलो आपण. हातभर लिहिलं की तफावत. मग पुन्हा एकशे बेचाळीस होईल, दोनशेपण होईल. पाहणीले येतील तेव्हा डोळ्यानं पाहतीलच नं ते. बोटभर लिहिलं काय आणि हातभर लिहिलं काय."

तिने पदराने अंगठ्याची शाई पुसली. मग तिच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि माइकसमोर नेहमीची दोन वाक्यं बोलली. माझ्या राहत्या घराच्या मागील भिंतीस बोटभर तडा गेला असून घर धोक्याचे आहे. तरी पाहणी होऊन जागा मिळावी. तिला पाठ झाली होती, छापल्यासारखी. आकडा चार होता.

जेवताना मी म्हटलं, "भीती वाटत असंल तर आठ दिवस माझ्याकडे राहा."

"आणि नेमकं त्याच दिवशी पथक आलं तर?"

मी तिच्या कपात चहा ओतला.

"तूच तर म्हणतो कुलूप नको," ती म्हणाली. रागाने नाही. मला कायदा कळतो, याचा तिला अभिमान होता. शेजारणींना सांगायची, माझ्या भावाले सगळे नियम पाठ आहेत.

पुढच्या सोमवारी साडेदहा वाजले. मी कपबशा धूत होतो. आतून एक आवाज आला, जो मी त्या कार्यालयात कधी ऐकला नव्हता. झोप्याच्या डब्यात एक छोटा पंखा होता. आकडा उडाला तरी लगेच उतरायचा, म्हणून नऊ महिन्यांत तो एकदाही फिरला नव्हता. तो फिरत होता. मी हात न पुसताच आत गेलो. आकडा एकाहत्तर.

"काय बिघडलं रे?" धोटे बाबू उठून उभे राहिले.

झोप्या बोलला. त्याचा आवाज एरवी साहेबांच्या खोलीतच ऐकू यायचा. आता तो सगळीकडे आला. "सायत्राबाई रोहणकर आलेल्या नाहीत. सायत्राबाई रोहणकर आलेल्या नाहीत. तातडी सर्वोच्च."

पाठराबे साहेब खोलीतून बाहेर आले. "कोण सायत्राबाई?"

अठरा सोमवार ती त्यांच्या दारासमोर बसली होती.

"माझी बहीण, साहेब," मी म्हणालो. "बस चुकली असंल."

पण माझे पाय तोवर बाहेर निघाले होते. साहेबांनी कार्यालयाची गाडी काढली.

पांढरतळ्यात बाईच्या घराच्या जागी घर नव्हतं. अंगण होतं, तुळशीजवळ उन्हात वाळत घातलेली शिंदीची पानं होती, पुढची चौकट उभी होती. तिच्या मागे जमीन सरळ खाली गेली होती. शेजारणींनी सांगितलं, काल दुपारी मोठा आवाज झाला. गावातल्या लोकांनी दोर लावून पाहिला. तालुक्याला निरोप पाठवला होता, पण रविवार होता. कचेऱ्या बंद होत्या.

तिला वर काढायला संध्याकाळ झाली.

पाहणीचं पथक चौथ्या दिवशी पांढरतळ्यात आलं. एकेचाळीस घरं धोक्याची ठरली. पंधरा दिवसांत सगळ्यांना नव्या गावठाणात हलवलं.

चौकशी झाली. पाठराबे साहेबांनी मला खोलीत बोलावलं. त्यांच्यापुढे अठरा अर्जांची चवड होती. ते दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी आधी मला बसायला सांगितलं आणि पाण्याचा पेला स्वतः पुढे केला.

"कवडू, हे अक्षर कोणाचं?"

"माझं साहेब."

"सगळ्या अर्जांत बोटभर लिहिलंय. शेवटच्या अर्जातसुद्धा. तेव्हा तडा बोटभरच होता?"

मी खोटं बोलू शकलो असतो. बोटभरच होता म्हटलं असतं तर माझी सुटका होती. "नाही साहेब. हात जात होता."

त्यांनी अर्जांची चवड सरळ केली. मग लिहिलं. मी समोरून उलटी अक्षरं वाचली. 'अर्जदाराने प्रत्येक अर्जात तडा बोटभर असल्याचे नमूद केल्याने तातडी निदर्शनास आली नाही. कार्यालयाकडून दिरंगाई नाही.' त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मी शिकलो नसतो, तर बाईने तो अर्ज दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतला असता. दर वेळी वेगळ्या माणसाकडून. दर वेळी वेगळा.

काझी मॅडम नागपूरहून आल्या त्या थेट माझ्या खोलीवर. पायरीवर बसल्या. बाई बसायची तिथेच, पण त्यांना ते माहीत नव्हतं. मांडीवरच्या पडद्यावर त्यांनी मला रेषा दाखवल्या. पहिल्या सोमवारचा डोंगर, दुसऱ्याचा टेकडीएवढा, मग सपाट, सपाट, सपाट. मग एकोणिसाव्या सोमवारी कडा.

"ती आली तेव्हा त्याला दिसली नाही," मी म्हणालो. "आणि नाही आली तेव्हा दिसली."

"हो."

"मॅडम, अठराव्या सोमवारी ती हातभर म्हणाली असती तर? माइकसमोर?"

त्यांनी पडदा मिटला. "कवडूकाका, ते विचारू नका."

"मले समजलं पाहिजे."

"एक शब्द पुरला असता," त्या म्हणाल्या. "तो त्याच क्षणी उठला असता."

मी मान हलवली. मला ते माहीतच होतं. तरी कोणीतरी बोलून दाखवायला हवं होतं.

मग त्या म्हणाल्या की त्यांनी यंत्रात दुरुस्ती केली आहे. राज्यातल्या सगळ्या यंत्रांत. एकच माणूस एकच मागणी घेऊन पुन्हा पुन्हा आला तर यापुढे दर वेळी त्याचं वजन वाढेल.

"अवघड होतं काय ते?"

"तीन ओळी."

"मग आधी काहून नाही केलं?"

त्यांचे डोळे भरून आले. "मी असं धरून चालले की जे नवीन आहे ते यंत्र दाखवेल. आणि जे रोज समोर येऊन बसतं, ते तर तुम्हाला सगळ्यांना दिसतच असेल. त्यासाठी यंत्र कशाला लागेल?"

जाताना त्यांनी विचारलं, "त्याच्या आठवणीतून सायत्राबाईंचा सोमवार काढून टाकू का? नाहीतर तो दर आठवड्याला जागा होईल. तुम्हाला त्रास होईल."

"नका काढू," मी म्हणालो.

पुढच्या सोमवारी साडेदहाला झोप्या जागा झाला. बावन्न. पंखा फिरला. तो बोलला नाही, पण साहेबांच्या यादीत सर्वांत वर तिचं नाव आलं: आलेल्या नाहीत. साहेबांनी ते पुसलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. त्याच्या पुढच्या सोमवारी चाळीस. वीज वाढली म्हणून विभागातून फोन आला, तेव्हा धोटे बाबूंनी फोन घेतला आणि म्हणाले, "हाव जी, वाढली. आमच्याकडे एक मयत झाली आहे." आणि ठेवून दिला. नंतर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जागू दे त्याले. बाकी कोण जागते तिच्यासाठी?"

मी सोमवारची वाट पाहू लागलो. कोणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण साडेदहाला तो पंखा फिरायचा, तेव्हा वाटायचं की या जगात आणखी कोणीतरी दाराकडे पाहतं आहे. मी कपबशा खाली ठेवून आत जाऊन उभा राहायचो. आम्ही दोघं थोडा वेळ तिची वाट पाहायचो.

एकोणतीस. सतरा. मला कळत होतं काय चाललं आहे. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अंदाज बदलत जातो. ती न येणं हेच आता नेहमीचं होत होतं. नऊ झाले तेव्हा पंखा फिरला नाही. एकदा मनात आलं की तिच्या वेळेला तिच्या खुर्चीवर आपण जाऊन बसावं, म्हणजे तो दचकेल, पुन्हा शोधेल. बसलोही एकदा. आकडा चौदावर गेला. पण तो दचकला होता तो मला पाहून. मी उठलो.

चैत्र लागला. ऊन पुन्हा चढू लागलं. एका सकाळी आसोल्याहून एक तरुण बाई आली, कडेवर मूल, सोबत सासू. त्यांच्या चुलीजवळ जमीन फाटली होती. आता मी अर्ज लिहायला वेळ लावतो. त्या तरुणीला म्हटलं, "किती रुंद, ते हातानं दाखव." तिने दाखवलं. मी तिच्या दोन हातांमधलं अंतर टेप लावून मोजलं आणि तो आकडा लिहिला. सासू म्हणाली, "गेल्या महिन्यात कमी होतं जी." मी तेही लिहिलं, वेगळ्या ओळीत. म्हटलं, पुढच्या वेळी याल तेव्हा पुन्हा मोजून या, आणि जे असेल ते सांगा, मागचं विसरून जा. मूल रडायला लागलं, त्याला बिस्कीट दिलं. सासूने विचारलं, नव्या गावठाणात दारात नळ आहे काय. आहे म्हटलं. असं करत करत दोन पानं झाली, आणि तिसरं घ्यायला मी मान वर केली.

भिंतीवर आकडा चार होता. घड्याळात पावणेबारा वाजले होते.

सोमवार होता. झोप्या जागा झाला नव्हता, आणि मीही.